आठ हातांत कढई, लॅपटॉप, झाडू दिला की व्यंग होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी स्वतः देवी बनून आठ हातांत कढई, लॅपटॉप, झाडू, बाळाची बाटली वगैरे घेऊन फोटो काढायचाय, स्त्रीवादी व्यंग म्हणून. घरचे म्हणतात देवाधर्माची चेष्टा नको, सर म्हणतात विषय घासून गुळगुळीत झालाय. ताई तुम्ही इतकी वर्षं वेष बदलून असले फोटो काढताय तर सांगा, करू की नको.

सरांचं बरोबर आहे गं, सॉरी. घरच्यांचंही थोडं बरोबर आहे पण ते ज्या कारणाने म्हणतायत त्या कारणाने नाही, त्यावर खाली येते.

आधी ती आठ हातांची बाई. ही दर आठ मार्चला आणि दर नवरात्रात व्हॉट्सअॅपवर येते, मसाल्याच्या जाहिरातीत येते, बँकेच्या कॅलेंडरवर येते, सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत तर हमखास. आणि ती कोण फॉरवर्ड करतं बघ, ज्या नवऱ्याने चहाचा कप उचलून सिंकमध्ये ठेवलेला नाही तोच, खाली दोन हात जोडलेले इमोजी टाकून. म्हणजे टोचलं कोणाला? कोणालाच नाही. त्याला शाबासकी म्हणतात. तिला आठ हात आहेत म्हटल्यावर घरातल्या बाकीच्यांनी आपापले दोन खिशात घालायला मोकळं. व्यंग करायचं तर ते कोणाला तरी लागलं पाहिजे आणि नेमकं कोणाला लागणार आहे हे फोटो काढणारीला कॅमेरा लावायच्या आधी माहीत पाहिजे.

माझं या सगळ्यातलं म्हणणं एकच आहे. चिमटा देवीला काढायचा नसतो, बाईलाही काढायचा नसतो, चित्राला काढायचा असतो. बाई अशी दिसते, देवी अशी दिसते, चांगल्या घरची अशी बसते, हे कोणीतरी कधीतरी स्टुडिओत, छापखान्यात, स्टेजवर ठरवलंय आणि आपण ते इतके वेळा बघितलंय की ते निसर्गातूनच आलंय असं वाटतं. ते ठरवणं उघडं पाडायचं. आणि ते उघडं पाडायला आधी ते चित्र तंतोतंत जमावं लागतं.

पुष्पमाला एन. यांचं काम तू बघितलं नसशील तर प्रोजेक्ट बाजूला ठेव आणि आधी ते बघ. बंगलोरच्या, मूळच्या शिल्पकार, बडोद्याला शिकलेल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभं राहायला सुरुवात केली. १९९६ ते ९८ मध्ये मुंबईत केलेली त्यांची 'फँटम लेडी' ही मालिका म्हणजे मुखवटा घातलेली, जुन्या स्टंटपटांतल्या फिअरलेस नाडियाच्या वळणाची हिरॉईन, डबल रोल, हरवलेली बहीण, सगळा मसाला, पण एकेका फोटोत गोठवलेला. त्यानंतर क्लेअर आर्नी या फोटोग्राफरबरोबर २००० ते २००४ मध्ये त्यांनी केलं 'नेटिव्ह विमेन ऑफ साऊथ इंडिया: मॅनर्स अँड कस्टम्स'. नावातच चिमटा आहे बघ, इंग्रज अधिकारी इथल्या लोकांवर जी जाडजूड पुस्तकं लिहायचे ना, अमुक जातीच्या चालीरीती, तमुक जमातीच्या सवयी, त्याच थाटात. आत काय तर त्या स्वतः राजा रविवर्म्याची कमळावरची लक्ष्मी झाल्यायत, चांदण्यात बसलेली सुंदरी झाल्यायत, वेलंकणीची मेरीमाता झाल्यायत, विजापूरच्या लघुचित्रातली योगिनी झाल्यायत, चोरीच्या आरोपाखाली पकडलेल्या बायकांच्या पेपरातल्या फोटोतली बाई झाल्यायत, आणि मानववंशशास्त्राच्या नावाखाली आदिवासी बायकांना मोजमापाच्या पडद्यासमोर उभं करून काढायचे तसल्या फोटोतली नीलगिरीकडची तोडा जमातीची बाईसुद्धा.

आता यातली गंमत कुठे आहे? लक्ष्मीचा फोटो एकटा बघितलास तर तुला त्यात चेष्टा सापडणारच नाही. कमळ आहे, हत्ती आहे, रंगवलेला पडदा आहे, दागिने आहेत, सगळं भक्तिभावाने केल्यासारखं. पण शेजारच्या फोटोत तीच बाई आरोपी म्हणून उभी आहे आणि त्याच्या शेजारी तीच बाई काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पडद्यासमोर, जणू तिची उंची नि हात-पाय मोजायला ठेवल्यात. चेहरा एकच. मग डोक्यात किडा वळवळायला लागतो की हिला देवी कोणी केली आणि गुन्हेगार कोणी केली, बदललं काय तर फक्त पडदा, लाईट आणि साडी. कोणालाही शिवी न देता, कुठल्याही देवाला हात न लावता. आणि मालिकेच्या एका भागात तर सेट लावतानाचे, मेकअप चालू असतानाचे फोटोच त्यांनी प्रदर्शनात ठेवले, म्हणजे बघा बाबांनो हे असं बनवतात.

रविवर्म्याचं आपल्याशी नातं पण लक्षात ठेव. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देवघरातली ती लक्ष्मी, ती सरस्वती याच वळणाची, दगडावरून छापलेली. देव्हाऱ्यातला टाक बघ आणि ते कॅलेंडर बघ, दोन्हीतली लक्ष्मी एकच आहे का? म्हणजे देवी अशीच दिसते, गोरी, भरल्या अंगाची, साडीची पट्टी अमुक पद्धतीने, हे सव्वाशे-दीडशे वर्षांतलं आहे आणि ते एका पुरुषाच्या इझलवर ठरलं. याने देवीचं काही कमी होत नाही. चित्राचं वय कळतं एवढंच.

आणि आपल्याकडे तर याहून मोठी मजा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मराठी मध्यमवर्गातली बाई दिसावी कशी, नऊवारी नेसावी कशी, गजरा कुठे माळावा हे ज्यांच्याकडे बघून बायका शिकल्या ते नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये १९१३ ला तारामती झाले अण्णा साळुंके, आणि 'लंकादहन' मध्ये तर हेच साळुंके रामही आणि सीताही. आदर्श पत्नीचा पहिला पडद्यावरचा चेहरा दाढी करून यायचा. मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा पोरं हसतात आणि मग शांत होतात. यावर कोणी नीट फोटो मालिका करावी अशी माझी फार इच्छा आहे, मला स्वतःला जमली नाही, दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ते नुसतं फॅन्सी ड्रेस झालं.

परदेशातलं एकच नाव सांगायचं तर शादी गदिरियान, तेहरानची, जन्म १९७४. तिने १९९८ पासून 'काजार' नावाची मालिका केली. एकोणिसाव्या शतकात इराणात काजार घराण्याचं राज्य होतं, त्यातल्या नासिरुद्दीन शाहला फोटोचं भयंकर वेड, स्वतः जनानखान्यातल्या बायकांचे फोटो काढायचा. तर त्या काळच्या स्टुडिओसारखा रंगवलेला पडदा, त्या काळचे कपडे, तशीच ताठ पोझ, तसाच तपकिरी रंग, आणि बाईच्या हातात पेप्सीचा कॅन. दुसरीकडे सायकल. तिसरीकडे व्हॅक्यूम क्लीनर. एकच वस्तू चुकीची, बाकी सगळं बरोबर. भातात एकच खडा लागावा तसं. तू जो आठ वस्तूंचा प्लॅन केलायस ना त्याच्या बरोबर उलटं.

मग तिचं लग्न झालं आणि आहेरात इस्त्री, पातेली, असलं सगळं आलं. त्यातून २००० च्या आसपास 'लाईक एव्हरीडे' ही मालिका निघाली. घरात नेसतात ती फुलाफुलांची चादोर, म्हणजे डोक्यावरून अंगभर ओढायचं कापड, आणि चेहऱ्याच्या जागी किसणी, झाडू, इस्त्री, रबरी हातमोजा. बाई दिसतच नाही, तिच्या कामाची वस्तूच तिचं तोंड. पाश्चात्त्य गॅलऱ्यांमध्ये लोकांनी याच्याकडे बुरख्यावरची टीका म्हणून बघितलं, माझ्या मते ते चष्मा लावूनच आले होते. आपल्याला ते लगेच कळतं कारण आपल्याकडे रुखवत मांडतात. मी पहिल्यांदा ते फोटो बघितले तेव्हा मला माझ्या लग्नातली स्टीलची भांडी आठवली, प्रत्येकावर 'सौ.' करून सासरचं नाव कोरलेलं, जे नाव माझं अजून झालेलंही नव्हतं.

आता घरच्यांच्या भीतीबद्दल.

रेने कॉक्स ही अमेरिकन फोटोग्राफर, तिने १९९६ मध्ये पाच चौकोनी फोटो जोडून 'यो ममाज लास्ट सपर' केलं, येशूच्या शेवटच्या जेवणाचा देखावा, मध्ये येशूच्या जागी ती स्वतः, नग्न, हातांवर पांढरं वस्त्र, शिष्य कृष्णवर्णीय आणि विश्वासघातकी यहूदा तेवढा गोरा. पाच वर्षं गेली आणि २००१ मध्ये ते ब्रुकलिन म्युझियममध्ये लागलं तर न्यूयॉर्कचे महापौर जुलियानी इतके भडकले की त्यांनी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कलेत शालीनता आहे का हे बघायला समितीच नेमली. ती स्वतः कॅथलिक घरात वाढलेली, म्हणजे आपल्याच घरातल्या चित्राशी ती भांडत होती. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याच देवघरातल्या तसबिरीशी भांडण वेगळं आणि शेजाऱ्याच्या देवघरात जाऊन दात काढणं वेगळं. येमेनची बुशरा अल-मुतवक्किल बघ, तिची २०१० ची आई, मुलगी आणि बाहुलीची मालिका, फोटोगणिक तिघींचे कपडे काळे आणि जास्त झाकणारे होत जातात, हसू विझतं, शेवटी फक्त काळा पडदा. दुसऱ्या एका मालिकेत तिने पुरुषांनाच हिजाब घालून बघितलं. तिने सांगितलंय की तिचा राग हिजाबवर नाही, टोकाच्या आग्रहावर आहे. तेच फोटो इथे बसून मी काढले असते तर त्याचा अर्थ पूर्ण बदलला असता आणि ते कोणाच्या हातात कोलीत म्हणून गेले असते हे तुला मी सांगायला नको.

कायद्याचं म्हणशील तर जुन्या दंड संहितेतलं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेत २९९, त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणं असं लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मी वकील नाही. पण हेतू दुष्ट नव्हता हे सिद्ध होईपर्यंत जो त्रास होतो तोही खराच असतो, म्हणून कच्च्या टप्प्यापासूनच्या नोंदी ठेव, कुठलं मूळ चित्र घेतलं, का घेतलं, तारखेसकट वहीत लिही. वहीचा उपयोग मार्कांनाही होतो.

तरी घरच्यांना सांग की देवाला पुढे करून चेष्टा करायची परंपरा आपल्याकडे सोळाव्या शतकापासूनची आहे. एकनाथांच्या भारुडातली ती बाई भवानीआईला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासू, सासरा, जाऊ एकेकाची वाट लावायला सांगते. भवानीआई रागावली नाही, लोकं अजून ते गातात.

आता माझा स्वतःचा गाढवपणा. पंधराएक वर्षांपूर्वी मी एक मालिका केली, टॉवरमधल्या वेगळ्या लिफ्टवर. 'कामवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये' ही पाटी असते ना, तिच्यावर. मीच कामवाली मावशी बनले, साडी खोचली, पदर कमरेला, हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडात मिश्री लावल्यासारखं केलं आणि पाटीखाली एकदम राणीच्या थाटात उभी राहिले. मला वाटलं कसला भारी चिमटा काढलाय सोसायटीला. मैत्रिणी पोट धरून हसल्या. मग आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंनी टेबलावर पसरलेले प्रिंट बघितले, एक उचलून जवळ धरला आणि म्हणाल्या, मी अशी उभी राहते होय? बस. लोक पाटीला हसतच नव्हते, पदर खोचण्याला हसत होते. ते सात फोटो मी आजपर्यंत कुठे लावलेले नाहीत. तेव्हापासून नियम केला की ज्या बाईचा वेष घालते ती बाई माझ्यापेक्षा खालच्या पायरीवर असेल तर तो फोटो काढायचा नाही, किंवा तिलाच विचारायचं की तुला काय दाखवायचंय, आणि तिला पैसे द्यायचे.

जमलेली मालिका म्हणजे 'दाखवायचे फोटो'. तुझ्या पिढीला बायोडेटा पीडीएफ माहीत, आमच्या आयांच्या वेळी स्टुडिओत जाऊन पोस्टकार्ड साईझ दोन फोटो काढायचे, एक उभा एक बसलेला. मागे बागेचा नाहीतर जिन्याचा पडदा, कठड्यावर हात, शेजारी प्लास्टिकची फुलं. फोटोग्राफर काका सांगणार, हनुवटी खाली, दात नको, प्रसन्न. नंतर टचिंग, म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिलने तीळ घालवायचा, रंग उजळवायचा. मी असा पडदा एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळवला, तीच खुर्ची, तसाच समोरून सपाट लाईट, तसंच टचिंग, आणि बसवले माझे मामेभाऊ, चुलतभाऊ, एक नवरा. साडी वगैरे अजिबात नाही, त्यांचेच शर्ट-पँट. फक्त हनुवटी खाली आणि दात नको. खाली वधूवर सूचक जाहिरातीची भाषा: गोरा, सडपातळ, गृहकृत्यदक्ष, चष्मा नाही. यात काही विनोदी नाहीच म्हटलं तर, पण पुरुष असा बसला की हसू का येतं आणि बाई बसली की का येत नाही, तिथे तो फोटो पकडतो. प्रदर्शनात सगळे खदखदा हसले. माझी आत्या तेवढी हसली नाही, म्हणाली, मला चार वेळा बसवलं होतं असं, चौथ्या वेळी साडी पण उसनी होती.

त्याच प्रदर्शनात एक फोटो होता हळदीकुंकवाच्या ग्रुपचा, सगळ्या नटूनथटून रांगेत आणि मध्ये एक रिकामी खुर्ची, खुर्चीवर वाण ठेवलेलं. ज्या कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं तिथल्यांनी आदल्या संध्याकाळी तो उतरवायला सांगितला. मी उतरवला. भांडले वगैरे नाही, उरलेले एकवीस फोटो लागले पाहिजेत एवढंच डोक्यात होतं. पुढे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा तो फोटो पुन्हा काढून बघितला. त्यात एक चूक होती जी मला तेव्हा दिसली नव्हती, खुर्ची मी मधोमध ठेवली होती. अशा खुर्च्या कडेला असतात.

नेटवर टाकणार असशील तर एक लक्षात ठेव, कॅप्शन पहिल्या शेअरलाच गळून पडतं. सुजात्रो घोषची २०१७ ची गाईच्या मुखवट्याची मालिका आठवते का, बायका गाईचा मुखवटा घालून इंडिया गेटसमोर, वर्गात, घरात. गाय जास्त सुरक्षित की बाई, हा प्रश्न कॅप्शनशिवाय पोचला, शिव्या आणि धमक्या पण पोचल्या. काढणारा पुरुष आहे, पण फोटो बघताना मला त्याने काही अडलं नाही. उलट २०१३ ची ती जाहिरात मोहीम, लक्ष्मी-सरस्वती-दुर्गेच्या चेहऱ्यावर मारहाणीच्या जखमा दाखवणारी, मुंबईतच झाली, जगभर गाजली, कारागिरी तर अप्रतिम, पण मला ती खटकते कारण देवीसारखी असेल तरच मारू नका असं काहीसं त्यातून निघतं. साध्या बाईचं काय मग?

टेक्निकल बाजू पटकन. मूळ चित्राचा लाईट कुठून येतोय ते आधी शोध, नाकाची सावली बघ. रविवर्म्यासारखं करायचं तर एका बाजूने मोठा मऊ लाईट आणि दुसरीकडे थर्मोकोलची शीट, बास. जुना स्टुडिओ करायचा तर लेन्स पन्नास एमएमच्या वर ठेव, फोनच्या वाईडवर ते कधीच जमणार नाही, खुर्चीचे पाय फाकतात आणि लगेच खोटं वाटतं. स्वतःच उभी राहणार तर ट्रायपॉड, रिमोट, आणि एक माणूस जो फक्त तुझ्या पदराकडे बघेल. प्रिंट मूळ वस्तूच्याच आकारात काढ, कॅलेंडर असेल तर कॅलेंडर, वर टिनची पट्टी आणि खाली तारखा. हसायचं नाही. फोटोतल्या बाईला विनोद माहीतच नाही असं दिसलं पाहिजे.

आणि देवीच करायची असेल तर नवरात्राचे नऊ रंग घे की. शास्त्रातबिस्त्रात ते काही नाही, वर्तमानपत्रांनी लोकप्रिय केलेलं आहे, आणि दरवर्षी ऑफिसातल्या, बँकेतल्या बायका एका रंगात रांगेने उभ्या राहून फोटो देतात. हौस असते, मी पण दिलेत. पण तो फोटो दरवर्षी कोण काढतं, त्यात मॅनेजर कुठे उभा असतो, सफाईवाल्या बायका त्यात का नसतात किंवा असल्या तर कुठल्या टोकाला असतात, हे बघ. तिथे तुला व्यंग बनवावंच लागणार नाही, नुसतं तेवढंच पुन्हा नीट मांडायचंय, एकच गोष्ट हलवून.

ते नाही जमलं तर आईला विचार तिचा दाखवायचा फोटो कुठे आहे. कपाटात असतो, साडीच्या घडीत नाहीतर पॉलिसीच्या कागदांत. मागे स्टुडिओचा शिक्का असेल, पेन्सिलने उंची लिहिलेली असेल. तो स्कॅन करून मला पाठव, पुढचं त्यावरून बोलू.